अमीनाताईंचा फुकटचा डेटाबेस

अमीना मुकादम रोज पेणहून एसटीने रोह्याच्या कॉलेजात जायच्या. कॉम्प्युटर लॅबच्या त्या मदतनीस. पदवी नव्हती, पण एकवीस वर्षं मुलांच्या मागे उभं राहून त्यांनी बरंच शिकून घेतलं होतं.

त्या वर्षी किमया नावाच्या विद्यार्थिनीने विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी हमरापूरच्या गणपती कारखान्यांची वेबसाइट केली. मूर्तीचा फोटो, उंची, कारागिराचं नाव. गिऱ्हाइकाने तिथेच मागणी नोंदवायची. "ही खरोखर चालू करा," परीक्षक म्हणाले, आणि तिथेच घोडं अडलं. माहिती ज्या डेटाबेस सर्व्हरवर होती, तो फक्त शिकण्यापुरता फुकट होता. लोकांसाठी वेबसाइट चालवायची तर लायसन्स हवं, आणि त्याची किंमत लॅबच्या वर्षभराच्या खर्चाहून जास्त.

"मार्क मिळाले ना? आता बंद करू," विभागप्रमुख सुशील सर म्हणाले.

अमीनाताईंना राहवलं नाही.

"सर, लायसन्सचा पैसा न लागणारे डेटाबेस पण हायत. आठ दिवस द्या."

"तुम्ही करणार?"

"व्हय. किमया हाय ना बरोबर."

पाच दिवसांत सगळी माहिती नव्या डेटाबेसमध्ये आली. उघडून बघतात तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. किमया रडकुंडीला आली. अमीनाताईंनी चहा मागवला आणि जुना डेटाबेस उघडला. तिथे नावं शाबूत होती.

"म्हणजे खोट वाटेत हाय गो," त्या म्हणाल्या.

माहिती बाहेर काढताना अक्षरांचा प्रकार चुकीचा निवडला गेला होता. तो मराठी अक्षरं सांभाळणारा युनिकोड करून त्यांनी सगळं पुन्हा भरलं. पहिलंच नाव उमटलं ते मूर्तिकार सीताबाईंचं. दोघी खुर्चीतच हसत सुटल्या.

शनिवारी वेबसाइट सुरू करून दोघी हमरापूरला सीताबाईंच्या कारखान्यात गेल्या. रंगाचे हात पुसून सीताबाईंनी मोबाइल निरखला.

"नाव बरोबर हाय. फोटोत सोंड नीट दिसत नाय गो, दुसरा काढ."

किमया दुसरा फोटो काढत असतानाच साताऱ्याहून पहिली मागणी आली. तीन फुटी, बैठी.

जूनपासून सुशील सरांनी डेटाबेसचं प्रात्यक्षिक अमीनाताईंकडे सोपवलं. पहिल्या दिवशी सत्तावीस मुलांसमोर त्या आधी वहीत बघूनच बोलल्या. मग एकाने शंका विचारली, आणि त्या अशा रंगल्या की तास संपल्याचं कुणालाच कळलं नाही.