सांडगे, समुद्र आणि आईचं भाषण

सौरऊर्जा या विषयात मी डॉक्टरेट केली आहे. तरीही आमच्या घरात उन्हाचा विषय निघाला की मला बोलू देत नाहीत.

याला कारण करोनाच्या दुसऱ्या वर्षातली आमची वसंतातली सहल. आई नांदेडहून आमच्याकडे न्यूनेनला आली होती ती तीन महिन्यांसाठी. मग विमानं बंद पडली आणि तिचा मुक्काम लांबत लांबत वर्षावर गेला. तिकडे बाबा एकटे कुकरशी झुंजत होते आणि इकडे आईनं नेदरलँड्स म्हणून जे पाहिलं होतं त्यात आमची गल्ली, सुपरमार्केट आणि तळ्यातली बदकं एवढंच होतं. मी तिला कबूल केलं होतं की कॅम्परव्हॅन घेऊन आपण इंग्लंडच्या किनाऱ्यावर जाऊ. पण इंग्लंडचा नियम असा की आलात तर आधी दहा दिवस खोलीत बसा! आमची सुट्टीच चार दिवसांची. (आणि खोलीत बसायला आईला इंग्लंड कशाला हवं? ती विद्या तिला न्यूनेनमध्येच अवगत झाली होती.) शेवटी तोच समुद्र अलीकडच्या काठावरून बघायचं ठरलं. म्हणजे नेदरलँड्सच्याच किनाऱ्यावरचं झीलंड.

अडचण एकच होती. त्याच सुट्टीतल्या शनिवारी दुपारी युरोपातल्या आपल्या मंडळींनी ऑनलाइन जयंती ठेवली होती. (तारीख चौदा एप्रिल असली तरी आमच्याकडे जयंती महिनाभर चालते.) आणि प्रमुख वक्त्या होत्या आमच्या मातोश्री! आईनं जन्मभर शाळेत शिकवलं, पण जयंतीच्या स्टेजवर ती कधीच चढली नव्हती. भाषण बाबांचं असायचं आणि आई स्टेजच्या मागे पातेलंभर खीर ढवळत असायची. आता पहिल्यांदा तिला कुणी बोलावलं होतं. ती भांडी घासताना भाषण म्हणायची, बदकांसमोर म्हणायची. त्या दिवसांत भारतातून फोन आला की उचलायच्या आधीच वाईट बातमीची तयारी ठेवावी लागायची. त्या सगळ्यात हे भाषण म्हणजे घरात आलेली एकमेव चांगली बातमी होती, आणि ते बिघडू द्यायचं नाही असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

"कॅम्परमधून होईल ना गं नीट?" आईनं विचारलं.

"आई, छतावर सोलार पॅनल आहे. माझा विषय आहे तो!"

"बरं. तिथे ऊन असतं का?"

"भरपूर. का?"

"काही नाही. दोन वर्षं झाली, सांडगे घातले नाहीत."

"गाडीत वाळवण अजिबात चालणार नाही! तू समुद्र बघायला चालली आहेस."

"समुद्र कुठे पळून जातोय? इथलं ऊन पळून जातं."

मी ठाम राहिले. वाळवणाशी माझं जुनं वाकडं आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर काठी घेऊन वाळवण राखायचं काम माझ्याकडे असे. मी पुस्तकात डोकं घालून बसे आणि कावळे पंगत उठवून जात. आई निमूट गप्प बसली. ती गप्प बसली तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण मी त्या वेळी गाडीचं माहितीपत्रक वाचत होते.

झीलंडच्या कॅम्पिंगवर पोचलो. करोनामुळे तिथली सामायिक स्वच्छतागृहं बंद होती, ज्याच्या गाडीत सोय आहे त्यालाच प्रवेश. मालकीणबाईंनी मास्कच्या आडून विचारलं, "वीज हवी का? जोडणीची एक जागा शिल्लक आहे."

मी हसले. "नको. आमच्याकडे सूर्य आहे." आणि उभ्या उभ्या पॅनल कसं चालतं ते त्यांना समजावलंही. (त्यांनी विचारलं नव्हतं.)

शुक्रवारी सकाळी काय ऊन पडलं होतं! वारा बोचरा, पण आभाळ धुतल्यासारखं. मी म्हटलं, चला सगळे समुद्रावर.

"तुम्ही मायलेकी व्हा पुढे," आई म्हणाली. "मी जरा पाठ टेकते."

"मी थांबतो आईंच्या सोबतीला," माझा नवरा प्रशिक म्हणाला.

सासूच्या सोबतीसाठी समुद्र सोडणारा जावई! मला अगदी भरून आलं. आमच्या आठ वर्षांच्या आर्याला घेऊन मी किनाऱ्यावर गेले, शिंपले वेचले आणि मनातल्या मनात प्रशिकचे जुने गुन्हे माफ करून टाकले. परत आले तर दोघं चहा पीत बसलेले. गाडीत लसणाचा वास येत होता, पण आमच्या गाडीत लसणाचा वास नसता तरच मी चौकशी केली असती.

संध्याकाळी दिवे मिणमिणायला लागले. शनिवारी सकाळी नळाचा पंप घरघरला आणि गप्प झाला. बॅटरी रिकामी!

"अशक्य!" मी म्हणाले. बाहेर लख्ख ऊन आणि पॅनलमधून थेंबभर वीज येत नव्हती. मग मी कामाला लागले. फ्यूज तपासले. सीटखालची बॅटरी उघडली. गाद्या बाहेर, डबे बाहेर, शेवटी प्रशिकही बाहेर. फोनवर दुरुस्तीचे व्हिडिओ लावले, एकामागून एक. प्रशिकचा फोन आर्यानं कार्टून बघून कधीच झोपवला होता आणि आईचा फोन चार्जरला लावल्याशिवाय डोळेच उघडत नसे.

"मम्मा, मेबी लुक ऑन द रूफ?" आर्या म्हणाली.

"बाळा, पॅनलमध्ये हलणारा भागच नसतो. ते सहसा बिघडत नाही. दोष खालीच असणार."

"बरोबर आहे!" आई घाईघाईनं म्हणाली. "वर काही नसणार!"

"वर काय असणार?" प्रशिक म्हणाला. "तू खालीच बघ."

घरातल्या माणसांनी माझ्या तांत्रिक मताला इतका मान पूर्वी कधी दिला नव्हता. मी दुप्पट उत्साहानं खाली बघितलं.

दुपार झाली. आई पांढरी साडी नेसून, केस विंचरून तयार. कार्यक्रमाला थोडाच वेळ उरला होता आणि माझ्या फोननं मान टाकली. आईचा चेहरा पडला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि मला रडूच यायला लागलं. वीज घेतली असती मालकीणबाईंकडून तर काय बिघडलं असतं? ती शिल्लक जागा आता भरली होती. पण तेवढ्यात सुचलं. इंजिन! गाडी चालू केली की फोन चार्ज होईल. मी किल्ली फिरवली. लगेच मालकीणबाई धावत आल्या. इथे नुसतं इंजिन चालू ठेवून उभं राहता येत नाही म्हणाल्या.

"ठीक आहे, मग चालवतच नेते! बसा सगळे! तिकडे समुद्राच्या बांधावर रेंजही चांगली मिळेल."

"नको!" आई आणि प्रशिक एका सुरात ओरडले.

"घाबरू नकोस आई, तुझं भाषण होणार म्हणजे होणार!"

"अगं, पण गाडी नको ना हलवू!"

"पट्टा लाव!"

मी सुसाट निघाले. (सुसाट म्हणजे कॅम्परच्या मानानं. दोन सायकली आमच्या पुढे गेल्या.) बांधाच्या रस्त्यावर एक आजोबा सायकल थांबवून हात हलवायला लागले. मीही हात हलवला. पुढे एक बाई गाडीकडे बोट दाखवून काहीतरी ओरडली. मी हॉर्न वाजवून अभिवादन केलं. लॉकडाउननं माणसं किती मायाळू झाली आहेत, असं मी म्हणतच होते.

"आजी, काइक! बघ ना! बर्ड्स!" आर्या डच, मराठी, इंग्रजी सगळं एकदमच किंचाळली.

आरशात पाहिलं. आमच्या मागे निम्म्या झीलंडचे सीगल लागले होते! छतावर टपटप काहीतरी उड्या मारत होतं. आणि तेवढ्यात वरून एक पांढरं सुती पातळ सरसरत आलं आणि समोरच्या काचेवर पसरलं. मला दिसेना. मी ब्रेक दाबला, चाचपडत गाडी बांधावरच्या पार्किंगमध्ये घेतली, आणि बॉनेटवर पिवळ्या सांडग्यांचा सडा पडला.

मग भिंतीवरचा छोटा दिवा लुकलुकला आणि बॅटरीचा आकडा वर चढायला लागला. इंजिन बंद होतं. पॅनल काम करत होतं. झकास काम करत होतं.

"आई," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "हे कशावर पसरलं होतंस?"

"त्या काळ्या काचेवर. पलंगावर उभं राहून वरची खिडकी उघडली की हात पोचतो. प्रशिकनं पाय धरले होते. अगं, काय तापते ती काच! अख्ख्या देशात इतकी तापलेली जागा मी पाहिली नाही."

"आई, ते सोलार पॅनल आहे!"

"म्हणजे ते उन्हाचंच आहे ना? मग बरोबरच जागा निवडली की मी!"

"मला खालून फक्त पाय दिसत होते," प्रशिक म्हणाला. त्याचे कालचे माफ केलेले सगळे गुन्हे मी तिथल्या तिथे परत दाखल करून घेतले.

पण फोन उठला होता! कार्यक्रमाचं सूत्रसंचालन चालू होतं आणि आईचं नाव पुकारलं जात होतं. आई गाडीच्या पायरीवर बसली. मागे समुद्र, वर सीगलांची पंगत. पाठ केलेलं पहिलं वाक्य ती पार विसरली. मग तिनं सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं.

"जय भीम. आजवर मी प्रत्येक जयंतीला स्टेजच्या मागे खीर ढवळत उभी होते. भाषण मला तिथे ऐकू यायचं, पण अर्धंच. आज म्हटलं, उरलेलं अर्धं आपणच बोलावं."

इतक्यात पडद्यावरच्या बाबांच्या खिडकीतून कुकरची शिट्टी झाली. माइक बंद करायला ते विसरले होते.

"अहो, गॅस बारीक करा," आई भाषणातच म्हणाली, "आणि बसा ऐकायला."

"केला, केला," बाबा धडपडत परत आले आणि शेवटपर्यंत हनुवटीवर हात ठेवून ऐकत बसले. आई छान बोलली. शाळेतल्या मुलींबद्दल बोलली, घरात अडकलेल्या या वर्षाबद्दल बोलली, आणि पुढच्या वर्षी सगळे एका सभागृहात बसू असं इतक्या खात्रीनं म्हणाली की त्या छोट्या छोट्या खिडक्यांतली माणसं डोळे पुसू लागली. मी तर हमसून रडत होते, हातात ते लसणाचा वास मारणारं पातळ घेऊन.

संध्याकाळी छताच्या खाचेत अडकलेले मूठभर सांडगे निघाले. त्यांची भाजी झाली आणि ती सगळ्यांना पुरली.

आयोजकांचा फोन आला. परिस्थिती सुधारली की पुढची जयंती द हेगला, खऱ्या सभागृहात, आणि तोवर ताई नांदेडला परतलेल्या असल्या तरी बोलायला त्यांनाच आणायचं. आईचा चेहरा असा फुलला की इंग्लंड न पाहिल्याचं दुःख माझंही संपलं.

"मलाही बोलावलंय का?" मी विचारलं. म्हटलं, सौरऊर्जेवर चार शब्द बोलता येतील.

"तुला बोलावलंच पाहिजे," आई म्हणाली. "सभागृहाला गच्ची असली तर मी आदल्या दिवशी सांडगे घालणार आहे. तू काठी घेऊन बसायचं. आणि या वेळी पुस्तक आणायचं नाही."