आकृती ९.४ मधले भावोजी

आमच्या प्रकाशनाच्या कचेरीत त्यांना सगळे अनुस्वारबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं ‘बाई’. सव्वीस वर्षं त्या एकाच खिडकीपाशी बसून प्रुफं वाचत होत्या. पुस्तकांच्या मांडणीचं माझं टेबल त्यांच्या टेबलाला खेटून, त्यामुळे त्यातली चौदा वर्षं मी त्यांचे सुस्कारे ऐकत काढली. छोटा सुस्कारा म्हणजे ऱ्हस्वदीर्घाची चूक. मोठा सुस्कारा म्हणजे लेखकाला फोन.

बाई नुसतं शुद्धलेखन तपासून थांबत नसत. पुस्तकात जे करायला सांगितलंय ते करून पाहिल्याशिवाय त्यांची सही मिळायची नाही. विणकामाच्या पुस्तकाच्या वेळी त्या सुया घेऊन बसल्या आणि पंचेचाळिसाव्या पानावर स्वेटरला तिसरी बाही फुटली. लेखिका म्हणाली, “छापताना आकडा चुकला असेल.” बाई म्हणाल्या, “अजून छापलेलंच नाही. आकडा तुमच्या हस्ताक्षरात आहे.” तो स्वेटर पुढे कितीतरी दिवस कचेरीत खुंटीवर होता. नवीन लेखक आला की मालक त्याला आधी स्वेटर दाखवायचे.

अशा या बाईंच्या हातात एक दिवस ‘चला, बटण दाबू या’ या पुस्तकाचं हस्तलिखित पडलं. घरी पहिल्यांदाच संगणक घेतलेल्यांसाठी पुस्तक. लिहिणारे सर संगणकाचा क्लास चालवायचे. हुशार माणूस, पण बोलणं असं की जणू मागून कोणी पळवतंय. पहिलंच वाक्य होतं : ‘सर्वप्रथम संगणक सुरू करा.’ बाईंनी समासात लिहिलं, ‘कसा?’

सर दुसऱ्या दिवशी तावातावाने आले. “बटण दाबून! अजून कसा?”

“कोणतं बटण?” बाई शांतपणे म्हणाल्या. “मी मोजली. वरच्या पेटीला पाच आहेत, खालच्या पेटीला तीन. मी सगळी दाबून पाहिली. एका बटणाने पडद्यावरचं चित्र डावीकडे सरकलं. ते अजून तिथेच आहे.”

“अहो बाई, हे सगळ्यांना माहीत असतं.”

“ज्यांना माहीत असतं ते तुमचं पुस्तक कशाला घेतील?”

पूर्ण हस्तलिखितात बाईंनी दोनशे पंधरा प्रश्न काढले होते. सरांनी आदळआपट केली, मालकांकडे तक्रार केली, आणि मग मुकाट्याने बसून पुस्तक पुन्हा लिहिलं. दोन पानांचं पहिलं प्रकरण अठरा पानांचं झालं. पुस्तक निघालं आणि गरम भज्यांसारखं उचललं गेलं. वाचकांची पत्रं यायला लागली. ‘आम्हाला मूर्ख न समजता लिहिलंत, आभार’ असं एकाने लिहिलं होतं. सरांनी ते पत्र आपल्या नावावर घेतलं. बाईंनी त्यातले तीन अनुस्वार तेवढे दुरुस्त केले.

लगेच दुसरं पुस्तक ठरलं. घरचे फोटो संगणकावर कसे सुधारायचे याचं. सोबत एक सीडी, तिच्यात सरावाचे फोटो. सरांनी मावळता सूर्य, बर्फाचे डोंगर आणि एक वाघ आणला.

“वाघाचं काय करायचं?” बाईंनी विचारलं.

“त्याचे रंग गडद करायचे.”

“लोकांच्या घरात वाघाचे फोटो असतात का, सर? लोकांच्या घरात डोळे लाल झालेली आत्या असते, नाहीतर तिरका उभा राहिलेला काका. तसा फोटो हवा.”

आणि तसा फोटो बाईंकडेच होता. त्यांची थोरली बहीण, तिच्या दोन मुली आणि बहिणीचे यजमान, म्हणजे बाईंचे भावोजी, कुठल्याशा संग्रहालयाच्या भिंतीपुढे उभे. फोटो म्हणजे दोषांची खाणच. एकीचे डोळे लाल, दुसरीचा चेहरा काळोखात, अख्खी भिंत उताराला लागलेली. भावोजी जरा कडेला होते, एक हात बायकोच्या खांद्यावर, डोळे मिटलेले, तोंड उघडं, शिंक येऊ की नको अशा अवस्थेत. मुलींच्या मागे कचऱ्याचा एक डबाही आला होता.

नववं प्रकरण होतं ‘नको असलेली गोष्ट फोटोतून काढणे’. सरांचा विचार अर्थातच तो डबा काढायचा. पण डब्यापुढे मुलींचे केस भुरभुरत होते आणि केसांमधून डबा काढणं सरांनाही धड जमेना. बाईंनी फोटो जवळ घेतला, लांब धरला.

“नवख्या माणसाला पहिलं उदाहरण सोपं हवं,” त्या म्हणाल्या. “भावोजी कडेला आहेत. मागे साधी भिंत आहे. भावोजी काढायला सोपे आहेत.”

मी म्हटलं, “बाई, त्यांना विचारलंत का?”

“प्रुफं आज जायची आहेत,” बाई म्हणाल्या.

असे भावोजी छापले गेले. आकृती ९.४ खाली ओळ होती : ‘नको असलेली व्यक्ती’. आकृती ९.५ मध्ये ते नव्हते, आणि खाली ओळ होती : ‘आता फोटो किती प्रसन्न दिसतो, पाहा.’ पुढे खास नवख्यांसाठी एक छोटा भाग होता, ‘खांद्यावर उरलेला हात काढणे’. ओळी सरांच्या होत्या. पण बाईंनी त्या सहा वेळा वाचल्या होत्या आणि सहाही वेळा त्यांचं लक्ष ‘व्यक्ती’च्या दीर्घ वेलांटीवर होतं.

भावोजींचं चष्म्याचं दुकान होतं. पुस्तक बाजारात येऊन दोन महिने झाले असतील. एका गृहस्थाला त्यांनी नवा चष्मा चढवला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितलं. गृहस्थाने तक्ता सोडला आणि भावोजींकडेच टक लावून पाहिलं.

“अहो, तुम्ही ती नको असलेली व्यक्ती ना?”

भावोजींना वाटलं, नंबर चुकला. त्यांनी काच बदलली. गृहस्थ जास्तच खुलले. “तुम्हीच! मी तुम्हाला रविवारी काढलं की! जमलं हो छान. फक्त चपला राहिल्या.”

मग रीघच लागली. एक शिक्षिका म्हणाली, “तुमचा हात काही जाईना माझ्याकडून, चार दिवस घालवले.” एका आजोबांनी चुकून भावोजी ठेवून बाकीचं कुटुंब काढलं होतं, त्यांनी तो फोटो छापून प्रेमाने आणून दिला. भावोजींनी घरी येऊन पुस्तक बायकोपुढे आपटलं. ताईने आकृती ९.४ पाहिली, मग ९.५ पाहिली, आणि ती जी हसत सुटली ती पाणी प्यायला उठेपर्यंत थांबली नाही. सगळ्यात जास्त ते हसणं भावोजींना लागलं.

दुसऱ्या दिवशी ते थेट आमच्या कचेरीत. पुस्तक बाईंच्या टेबलावर उघडं ठेवलं.

“हे काय आहे?”

बाईंनी सवयीने पान डोळ्यांखालून घातलं. “यात चूक काय आहे, भावोजी?”

“चूक? वीस वर्षं मी तुमच्या घरचा जावई. आणि तू मला नको असलेली व्यक्ती म्हणून गावभर वाटत सुटलीस? वर माझ्यावाचून प्रसन्न दिसतं म्हणे!”

“ते फोटोबद्दल आहे. मागे भिंत साधी होती म्हणून…”

“मग भिंत काढायची होती!” असं म्हणून भावोजी उठले. दारात थांबून म्हणाले, “फार शहाणी समजतेस ना स्वतःला? या पुस्तकात एक तरी चूक दाखवीन, तरच नावाचा.”

त्यानंतर त्यांनी बाईंशी बोलणं टाकलं. बाई ताईकडे गेल्या की ते आतल्या खोलीत जायचे. बाई कचेरीत गप्प झाल्या. एकदा मला म्हणाल्या, “सहा वेळा वाचलं हो मी ते पान. माणूस म्हणून एकदाही वाचलं नाही.” आणि पुन्हा कामाला लागल्या. पण त्या आठवड्यात त्यांच्या हातून ‘कृपया’चं ‘क्रुपया’ सुटलं, तेव्हा मालकही घाबरले.

इकडे भावोजी दुकानाच्या संगणकापुढे बसले होते. आजवर त्यांनी त्याच्यावर पावत्यांपलीकडे काही केलं नव्हतं. पुस्तक मांडीवर, पान पहिलं, पायरी पहिली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तेच. तीन आठवड्यांनी ते पुन्हा आमच्या कचेरीत उगवले. चेहरा असा, की लॉटरी लागलेला माणूस वाटेत भेटल्याचा भास व्हावा.

“पान एकशे त्रेचाळीस,” ते उभ्यानेच म्हणाले. “पायरी सात. हात काढणे.”

“काय झालं तिथे?”

“हाताबरोबर तुझ्या ताईचा खांदा गेला. मी जपून पुन्हा केलं. मान गेली. तेवढ्यात ती चहा घेऊन दुकानात आली आणि तिने पडद्यावर पाहिलं. आता मला विचार, नंतर घरी काय झालं!”

बाईंनी लगेच संगणक सुरू केला. मी आणि नेमके त्या दिवशी कचेरीत आलेले सर मागे उभे राहिलो. फोटो सुधारायच्या त्या प्रोग्रॅममध्ये एक शिक्का असतो. आधी स्वच्छ जागेवर क्लिक करून नमुना घ्यायचा आणि मग तो नमुना नको त्या जागेवर मारत जायचा. भावोजी पुसायला भिंतीचा नमुना घेतलेला होता. हात तर ताईच्या स्वेटरवर. तिथे स्वेटरचा नवा नमुना घ्यायला हवा. सहाव्या आणि सातव्या पायरीमध्ये ती गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती. बाई एकेक पायरी मोठ्याने वाचत, जेवढं लिहिलंय तेवढंच करत गेल्या. सातव्या पायरीला ताईच्या खांद्याच्या जागी भिंत आली.

मग बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी तपासताना नमुना घेतला होता,” त्या म्हणाल्या. “हाताने आपोआप घेतला. पुस्तकात नाही हे लक्षातच आलं नाही.” मग वळून म्हणाल्या, “भावोजी, मी आता नवखी राहिलेच नाही हो. इथे मी कामाची नाही.”

भावोजी जिंकायला आले होते. पण इतक्या वर्षांत न चुकलेली बाई समोर अशी बसल्यावर त्यांना विजयाचं काय करावं कळेना. ते खुर्ची ओढून बसले.

“अगं, एक पायरी तर आहे. बाकीच्या चांगल्या आहेत. मला जमल्या, म्हणजे बघ.”

“तुम्हाला अजून कुठे अडलं?”

“अडलं ना.” भावोजींनी खिशातून चष्म्याच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येकीच्या पाठीवर बारीक अक्षरात प्रश्न. एकूण अडतीस. “तुझे सर म्हणतात, ‘आवडीनुसार चमक वाढवा’. माझ्या आवडीला विचारलं तर ती म्हणते मला माहीत नाही. किती वाढवायची?”

सर म्हणाले, “ते ज्याचं त्याने…” आणि बाईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर थांबले.

त्याच दुपारी शुद्धिपत्र तयार झालं. ते आमच्या प्रकाशनाचं पहिलंच शुद्धिपत्र, त्यामुळे मलाही मांडणी नीट सुचेना. पुढच्या पुस्तकापासून भावोजींनी आधी सगळं करून पाहायचं असं ठरलं. त्यांनी अट घातली : नव्या आवृत्तीत आकृती ९.४ खालची ओळ बदलायची. सरांनी सुचवलं, ‘कडेला उभी असलेली व्यक्ती’. भावोजींनी ‘व्यक्ती’च्या जागी ‘सद्गृहस्थ’ करून घेतलं. बाईंनी तो शब्द तीनदा तपासला. ‘किती प्रसन्न दिसतो’ मात्र राहून गेलं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही आणि माझ्या लक्षात आलं तोवर पानं छापून झाली होती. मी कोणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला कचेरीतल्या सगळ्यांचा एक मोठा फोटो चौकटीत घालून दिला. तो भावोजींनी स्वतः सुधारला होता. अंधार घालवला, तिरकी भिंत सरळ केली, बाईंच्या डोक्यामागचा पंखा काढला. बाईंनी तो हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत, प्रूफ वाचावं तसा वाचला. त्यांची नजर एका ठिकाणी थांबली. मी वाकून पाहिलं. पंख्याबरोबर बाईंचा डावा कानही गेला होता.

भावोजी बाजूलाच उभे राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“छान झालाय,” बाई म्हणाल्या, आणि फोटो पिशवीत ठेवला.