दुपारी तीनचं चित्र

"महोदय, आपल्या कंपनीचा सेट उत्तम चालतो. फक्त दुपारी तीनच्या सुमारास त्यात माझी मुलगी दिसते. तरी बंदोबस्त व्हावा."

पोस्टकार्डावर एवढाच मजकूर होता. खाली 'निवृत्त हवालदार' अशी सही आणि मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावाचा पत्ता. आमच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"मेटकरी, हे तुझं काम. चहा पी, 'सेट ओके' म्हणून जॉब कार्डावर सही घे आणि ये."

"पण साहेब, मुलगी दिसते म्हणजे..."

"म्हातारा दुपारी जेवून टीव्हीसमोर बसत असेल. डोळा लागत असेल. दुसरं काय?"

नव्वद सालानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी साताऱ्याला एका टीव्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नुकताच लागलो होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. वडील, म्हणजे आमचे आप्पा, आटपाडीकडून मेंढरं घेऊन वर्षातले सहा-सात महिने रानोमाळ असायचे. गावच्या शाळेतल्या पवार गुरुजींनी स्वतः सांगलीला येऊन माझा कॉलेजचा फॉर्म भरला नसता, तर मीही त्याच वाटेने गेलो असतो. त्यामुळे साहेबांनी कुठेही पाठवलं तरी मला ते मोठंच वाटायचं. टूल बॅग खांद्याला लावली की अंगात गणवेश घातल्यासारखं वाटे.

मेढ्यापर्यंत एसटी, पुढे दीड तास चढ. हवालदार तात्या दारातच उभे होते. ताठ अंग, डावा पाय किंचित ओढत चालायचे.

"रिपोर्ट मिळाला म्हणायचा," ते म्हणाले. "बसा. तीनला अवकाश हाय."

सेट वीस इंची कलर. मी उघडून सगळं तपासलं. दोष काहीच नव्हता. गाव डोंगराच्या कुशीत, साताऱ्याच्या प्रक्षेपण केंद्राची लहर डोंगरापलीकडून येणार, त्यामुळे चित्रात मुंग्या भरपूर. अँटेना पाहायला कौलांवर चढलो. तिचं तोंड डोंगराकडे, म्हणजे साताऱ्याकडे, बरोबर होतं. पाइप आवळणाऱ्या पट्टीवरचा गंज तेवढा ताजा खरवडलेला दिसला. वाऱ्याने पाइप फिरला असेल, असं समजून मी सोडून दिलं.

तीन वाजायला आले तशा काकी, म्हणजे तात्यांची बायको, सुपात तांदूळ घेऊन सेटसमोर येऊन बसल्या. तात्या उठले आणि सेटकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

मग मुंग्या हलल्या. वारुळावर पाण्याचा सपका बसावा तशा पांगल्या आणि त्यांच्यातून एक चेहरा वर आला. रंग नाही, आवाज नाही, नुसती घरघर. मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी व्हिडिओच्या लाइटचा झोत हाताने अडवत हसत होती. तिच्या उजवीकडे चार बोटांवर तिचीच फिकट जोडीदारीण होती. तिनेही हात वर केला. तीही हसली.

या जोडचित्राला आमच्या धंद्यात घोस्ट म्हणतात. लहर एकदा सरळ येते आणि एकदा डोंगरावर आपटून उशिरा येते. सेट बिचारा दोन्ही दाखवतो. मला हे पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी त्या दुपारी मी सेटपासून हातभर मागे सरकलो. चित्र वाऱ्याबरोबर डोलत होतं. मुलगी मध्येच धुक्यात जायची, पुन्हा यायची. काकींचे हात सुपातच थांबले होते.

एका ठिकाणी मुलीने सरळ समोर बघितलं आणि काहीतरी म्हटलं. तिचे ओठ हलले तसे काकींचेही हलले.

"हितं काय म्हनती, ते कळत न्हाई," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "रोज बघती मी. कळतच न्हाई."

"बघितलंत न्हवं?" तात्या खिडकीशी उभ्यानेच म्हणाले. "ह्ये बंद करा."

सुनंदा त्यांची एकुलती एक. सांगलीला नर्सिंग शिकायला गेली, तिथेच नोकरी लागली आणि तिथल्याच एका परजातीच्या मुलाशी तिने लग्न केलं. तात्यांनी त्या दिवशी घरात ऑर्डर काढली: माझ्यासमोर तिचं नाव निघायचं नाही. हे मला काकींनी मागच्या दाराशी हळूच सांगितलं. मग विचारलं, "आवं, एकदा बंद केल्यालं परत चालू हुतंय का?"

मी म्हणालो, "बघू या." दुसरं काय म्हणणार?

बॅगेत पाच इंची पोर्टेबल सेट होता, बॅटरीवर चालणारा. तो गळ्यात अडकवला, हातात छोटी अँटेना धरली आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता तात्यांच्या दारातून वाटेला लागलो. रात्री मेढ्यात ओळखीच्यांकडे राहिलो होतो. अँटेना फिरवायची आणि चित्र जिकडे ठळक होईल तिकडे चालायचं, एवढंच तंत्र. चुकलेल्या मेंढराच्या घंटेवर आप्पा असेच जायचे. चार पावलं टाकायची, थांबायचं, मान फिरवायची. मी उताराने खाली निघालो. छातीवरच्या त्या एवढ्याशा काचेत सुनंदाबाईंच्या चेहऱ्यावरच्या मुंग्या पावलागणिक कमी होत गेल्या. मोठ्या फणसाखाली पोचलो तेव्हा त्यांच्या हातातली मेंदीसुद्धा दिसायला लागली.

समोर दोन खणांचं घर होतं. मी हाक मारली. आतून एक वयस्क बाई आल्या आणि माझ्या गळ्यातला सेट बघून दारातच खिळल्या.

"अगं बया! ही तुज्याकडं कशी आली?"

या तात्यांच्या थोरल्या बहीण. सगळा गाव त्यांना आक्का म्हणायचा. मुलगा मुंबईला माथाडी कामगार. त्याने आईला करमावं म्हणून कलर सेट आणि व्हीसीपी, म्हणजे कॅसेट दाखवणारं यंत्र, आणून दिलं होतं. सुनंदाने लग्नाची कॅसेट आत्याला गुपचूप पोचवली होती. आक्का रानातून आल्या की दार पुढे करून रोज ती लावत.

"आनि सातारा केंद्र दिसतं का?" मी विचारलं.

"कुठलं! घर रंगवल्यापास्नं नुसत्या मुंग्या. क्याशेट तेवढी दिसती."

मला तिथेच उलगडा झाला. टीव्हीमागे बूस्टरचा डबा होता. बूस्टरचं काम अँटेनाकडून आलेली कमजोर लहर मोठी करून टीव्हीला द्यायची. त्याला एक आत जायचं तोंड, एक बाहेर पडायचं. रंगकामात वायरी काढल्या आणि लावताना उलट्या लागल्या. व्हीसीपीच्या बाहेरच्या पिनेला दोन फाटे होते. एक टीव्हीला जात होता, दुसरा बूस्टरच्या आतल्या तोंडात शिरला होता. बूस्टर कॅसेटचं चित्र मोठं करून अँटेनाला देत होता आणि अँटेना ते हवेत सोडत होती. व्हीसीपीचा चॅनेल आणि केंद्राचा चॅनेल योगायोगाने एकच. आक्कांची अँटेनाही डोंगराकडे. म्हणजे त्यांच्या घरातून निघालेली सुनंदा बापाच्या घरावरून जायची, डोंगराला धडकायची आणि माघारी येऊन त्याच्या घरात शिरायची. न कळत आक्कांनी एक प्रक्षेपण केंद्रच उघडलं होतं.

मी हे समजावलं तेव्हा आक्का मटकन खाली बसल्या.

"म्हंजे माजा भाऊ हनमंता बघतोय?"

"ते पाठ करून उभे असतात. काकी बघतात."

"त्याला माजं नाव सांगू नगं रं बाबा. तो बोलायचा बंद हुईल. भाऊबीजेला दुसरं कोन हाय मला?"

मी शब्द दिला. पिना सरळ केल्या. आक्कांच्या सेटवर साताऱ्याचा शेतीचा कार्यक्रम आला, बऱ्यापैकी आला. वर जाऊन पाहिलं तर तात्यांच्या घरात, बूस्टर नसल्याने, नुसत्या मुंग्या.

"कुठनं येत हुतं?" तात्यांनी विचारलं.

"डोंगराकडनं," मी म्हणालो. ते अर्धं खरं होतं.

तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि कार्डावर झोकदार सही केली. काकी चुलीशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. उतारावरून येताना मला नोकरीत पहिल्यांदाच दुरुस्ती करून वाईट वाटलं. साहेब मात्र खूश झाले.

महिनाभराने दुसरं पोस्टकार्ड आलं.

"महोदय, आपल्या माणसाने केलेली दुरुस्ती समाधानकारक नाही. दुपारी तीनचे चित्र येणे बंद झाले आहे. तरी पूर्ववत करून द्यावे."

साहेबांनी चष्मा काढला. "मेटकरी, हा माणूस आपली थट्टा करतोय का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "मी जाऊन येतो."

या खेपेला तात्या दारात नव्हते. आत सेटसमोर बसले होते. शेजारी काकी. तीन वाजायला अजून तासभर होता आणि सेट आत्तापासूनच चालू होता.

"ही रोज बसती," तात्या म्हणाले. "काई दिसत न्हाई. मुंग्या बघती. म्या म्हनलं, अगं काय बघतीस? तर म्हनती, तिची येळ झाली." मग म्हणाले, "आता मी बी बसतो. लावा परत."

"तात्या, ते लावता येत नाही. हवेत चित्र सोडायला सरकारी परवाना लागतो. चुकून झालं ते झालं. मी जाणूनबुजून केलं तर माझी नोकरी जाईल."

"मग?"

मला आक्कांना दिलेला शब्द आठवत होता. "मला आधी खाली एका ठिकाणी विचारून यावं लागेल," मी चाचरत म्हणालो.

"आक्काला इचारनार न्हवं?"

मी बॅगेची चेन लावू लागलो.

"आवं इंजिनियर, बावीस वर्सं फौजेत शिग्नलला, वायरलेसवर हुतो मी. तुमी यायच्या आधीच पोल फिरवून बघितला. आक्काच्या घराकडं त्वांड केलं आन् पोरगी लख्ख दिसली. परत हुता तसा करून ठिवला."

गंज खरवडलेली ती पट्टी मला आठवली. "मग आम्हाला कशाला बोलावलंत?"

"मी जाऊन बंद कर म्हनलं असतं तर थोरल्या भनीशी भांडान झालं असतं. कंपनीच्या मानसानं केलं तर कुनाचं तोंड वाकडं न्हाई. तुमी बी नाव फोडलं न्हाई, ते बरं केलंत."

"मग आता चला की खाली. बघून या."

"कसा जाऊ?" तात्या एकदम ओरडले. मग आवाज खाली आला. "तिच्या दारात हुबा ऱ्हाऊन काय म्हनू? लाव क्याशेट? ऑर्डर मीच काढली हुती."

काकी मुंग्यांकडेच बघत होत्या. मी बॅग उचलली. असं काही बोलायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे आवाज जरा अधिकच साहेबी झाला.

"हे बघा, आक्कांच्या घरची अँटेना मला फिरवायची आहे. ती हलते, कौलं फुटतील. खालून पाइप धरायला माणूस लागतो. आणि चित्र आलं का गेलं, हे सेटसमोर बसून सांगायला दुसरं. कंपनी माणसं देत नाही."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "ड्युटी हाय म्हना की."

"ड्युटीच आहे."

आम्ही तिघं उतारावरून निघालो. तात्यांचा गुडघा उतरताना जास्तच त्रास देत होता. ते दगडाला हात लावत उतरत होते. काकी पुढे गेल्या होत्या. इतक्या पुढे की फणसापाशी त्या दिसेनाशाच झाल्या.

भावाला बघून आक्का लगबगीने बाहेर आल्या. तात्याच म्हणाले, "पाइप धरायला आलोय," आणि घराच्या कुडाला लागून उभं राहून पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी वर चढलो. काकी आत गेल्या. आत दोघी काय कुजबुजल्या, ते मला ऐकू आलं नाही.

"आलं का?" मी वरून ओरडलो.

"आलं," काकींचा आवाज. "आवं, लुगडं हिरवं हाय!"

मी उगीचच अँटेना जराशी फिरवली. पुन्हा जागेवर आणली. खालून सनईचे सूर येत होते, मग माणसांचा गलका, कुणीतरी म्हणत होतं, घरच्यांना सांग की काहीतरी, सांग. आणि मग एका तरुण मुलीचा आवाज, एकदम स्वच्छ, कौलांच्या फटीतून वर आला.

"तात्या, गुडघ्याला तेल लावत जावा. आनि आईला चोळाय बसवू नका, तिची कंबर धरती."

पाइप हलला. मी खाली पाहिलं. तात्यांनी तो सोडला होता. ते दाराशी गेले, चपला काढल्या, उंबऱ्यावर एक हात टेकून वाकले आणि आत गेले.

मी पाइप धरून वर बसलो. कॅसेट बघायला अँटेना लागत नाही, हे बावीस वर्षं सिग्नलला काढलेल्या माणसाला ठाऊक होतं आणि मलाही. खाली आतून आक्का म्हणत होत्या, "मागं घिऊ का? परत लावू?" समोर डोंगरावर ऊन उतरत होतं. कॅसेट तीनदा मागे घेऊन झाली तेव्हा मी खाली उतरलो.

तेव्हापासून कुठल्याही कॉलवर गेलो की स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी मी एक प्रश्न विचारतो: दुरुस्त झालं म्हणजे तुम्हाला काय व्हायला हवं? अर्ध्या वेळी उत्तर तक्रारीपेक्षा वेगळं निघतं.

मेढ्याहून तिसरं कार्ड आलं नाही. साहेबांनी जॉब कार्ड पाहून विचारलं, "शेवटी काय निघालं?"

"आवाज येत नव्हता, साहेब," मी म्हणालो. "आता येतो."