हाडाचं वय आणि आमची अर्धी विहीर

ते हाड किती जुनं, यावर आमच्या रानात सगळे बोलले. कांद्याला पाणी कधी, हे विचारणारी मी एकटी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सायखेड्याजवळ गोदावरीच्या काठाला आमची शेती. उन्हाळ कांदा रानात उभा आणि जुन्या विहिरीनं तळ दाखवलेला, म्हणून काठाजवळ नवी विहीर खणायला घेतली. दोन पुरुष खोलीवर, गोट्यांच्या थरात गड्यांना एक हाड लागलं. मांडीएवढं जाड, दगडासारखं जड. त्यांनी ते वर काढलं आणि पहारी टाकल्या.

सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. रामानं पंचवटीत राक्षस मारले, त्यातल्याच एकाचं हे हाड. त्याला शेंदूर फासला, नारळ फोडला. गडी म्हणाले, आता खाली उतरणार नाही. नवरा आईलाही बोलेना आणि गड्यांनाही. कांद्याची पात पिवळी पडू लागली.

माझा भाऊ नाशिकला शाळेत मास्तर होता. त्याला निरोप धाडला, की कोणी शहाणा माणूस आण आणि हे जनावराचं हाड आहे एवढं गड्यांना सांगायला लाव. कॉलेजात दगडमातीचा विषय शिकवणारे एक सर रविवारी येतो म्हणाले.

एवढा शिकलेला माणूस येणार आणि त्याच्यापुढे शेंदरानं, मातीनं माखलेलं हाड ठेवायचं? मी ते सोड्याच्या पाण्यात भिजवलं, भेगांतली माती काडीनं उकरली, राख आणि काथ्यानं पितळेच्या हंड्यासारखं घासलं. सासूबाईंनी अबोला धरला. तेवढीच शांतता.

सरांनी हाड हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"याची माती कुठंय?"

"धुतली."

मग त्यांनी समजावलं. हाडाचं वय बघायचं तर भोवतीची माती बघावी लागते, त्यातले शिंपले बघावे लागतात, कोणत्या थरात कसं पडलं होतं ते बघावं लागतं. थोडक्यात, वय मी मोरीत सोडलं होतं. मी म्हटलं, चुकलं, पण कशाचं आहे ते तरी सांगा. हत्तीसारख्या जनावराचं, ते म्हणाले. मला तेवढंच हवं होतं. पण त्यांना राहवेना.

"वीस हजार वर्षं म्हणा, नाहीतर पन्नास हजार. आता सांगता येणार नाही."

सासूबाईंना तोंड फुटलं. "बघ, ह्या कालेजच्या मास्तरला बी मोजता येईना. मंजे रामाच्याच वक्ताचं हाय." गड्यांनी माना डोलावल्या.

सर तोवर खड्ड्यात डोकावत होते. गोट्यांखाली काळा खडक लागेल, तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, लाव्हा थिजून झालेला, असं सांगत होते. त्याला पाणी असेल का, मी विचारलं. ते माझं काम नाही, म्हणाले. आणि वर, मला थर नीट तपासू द्या, पंधरा दिवस कोणी पहार लावू नका.

मी कपाळावर हात मारून घेतला. एकीनं राक्षसासाठी काम बंद पाडलं, दुसरा अभ्यासासाठी पाडणार.

"सर, दोन दिवस देते. शोधायचं ते खाली उतरून तुम्हीच शोधा. गड्यांना बघू दे."

ते उतरले. सुरी आणि कुंचला घेऊन दोन दिवस खाली बसले, भाकरी-पिठलंही तिथंच खाल्लं. एक दाढ सापडली, मातीसकट. मला हात लावू दिला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेऊन एसटीत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा गडी कडेला उभा राहून बराच वेळ आत बघत होता. शेवटी म्हणाला, "मास्तरला काय झालं नाय. चला रं." आणि उतरला.

खडकाच्या फटीतून पाणी आलं तेव्हा वरच्या अंगाचा अर्धा कांदा वाळून गेला होता. उरलेला लिंबाएवढाच भरला. काढणीच्या वेळी सासूबाई बांधावर बसून शेजारणीला सांगत होत्या, की राक्षसानंच पाणी दिलं. मी त्यांच्यापुढे कांद्याचं घमेलं ओतलं आणि म्हटलं, आत्याबाई, पात कापा.