मंडळी काय म्हणते?

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक मोठं कॅलेंडर टांगलेलं असे, तारखेच्या चौकोनात चार ओळी मावतील असं. त्यातला एकही चौकोन मी रिकामा राहू देत नसे. सोमवारी मांजरी गावात गृहप्रवेशाची प्रार्थना, मंगळवारी लोणी काळभोरला आजारी माणसाची भेट, बुधवारी कुणाचा साखरपुडा, गुरुवारी कुणाच्या नव्या मोटारसायकलवर हात ठेवून आशीर्वाद. माझे यजमान चर्चचे पाळक होते, आणि पाळकाचं घर म्हणजे उघडं दार. लोक यायचे, हे बाहेर असायचे, आणि दारात उभी राहून मी म्हणायचे, "हो, हो, येतील ना साहेब." मग निळ्या पेनानं लिहून टाकायचे. "आमचे हे कुणाला नाही म्हणत नाहीत," असं मी चारचौघींत सांगायचे, वर जरा मान ताठ करून.

हडपसरच्या पुढे आम्ही राहायला आलो तेव्हा रविवारची उपासना एका शाळेच्या वर्गात व्हायची. चाळीसेक माणसं. बाकं चिमुरड्यांची, त्यामुळे थोरामोठ्यांचे गुडघे अडकायचे आणि उभं राहायची वेळ आली की अर्धी मंडळी कण्हत उठायची. मग उसाचे फड मोडून सोसायट्या उभ्या राहायला लागल्या. नगर-जालन्याकडची आमची माणसं कारखान्यांत नोकरीला आली, त्यांनी भाऊ आणले, भावांनी मेहुणे आणले. सात-आठ वर्षांत एका सकाळी दोन उपासना घ्यायची वेळ आली आणि रस्त्याच्या कडेला आमच्या स्वतःच्या मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या इमारतीच्या, भिंती उभ्या राहिल्या. सगळं वाढलं. पाळक मात्र एकच राहिला.

पंच होते की. मंडळीनं निवडलेले सात जण, चांगले शिकलेले, बायबल पाठ असलेले. पण आमच्या लोकांची एक समजूत अशी घट्ट, की पंचानं केलेली प्रार्थना म्हणजे कंपाउंडरनं दिलेलं औषध. बाटली तीच, औषध तेच, पण गुण येत नाही. सात पंच दारात उभे असले तरी घरधनी विचारणार, "साहेब नाही आले?" आणि पंचांनाही ते सोयीचंच होतं. उंटावरून शेळ्या हाकायला मिळत असतील तर खाली कोण उतरतो? रागानं लिहितेय असं वाटेल. रागानंच लिहितेय.

त्या वर्षी यांची भूक गेली. भाकरीचा एक तुकडा घेऊन तो ताटात इकडून तिकडे फिरवत बसायचे. एकदा दुपारी खिडकीतून पाहिलं, तर हे फाटकाबाहेर स्कूटरवर बसलेले. स्कूटर बंद, हात हँडलवर, आणि नजर समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर. भाजी चिरून झाली, फोडणीला घातली, तरी हे तिथंच. बाहेर जाऊन म्हटलं, "अहो, आलात की निघालात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खरंच विचारात पडले. मला हसू आलं होतं, ते तिथंच विरलं.

त्यानंतरच्या रविवारी दुसऱ्या उपासनेत हे प्रभूची प्रार्थना सांगत होते. आमच्यात पाच वर्षांच्या पोरालाही ती झोपेत येते. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या भाकरीच्या ओळीपाशी हे थांबले. पहिला शब्द उच्चारला आणि पुढचं काही आलंच नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. समोरच्या टेबलाच्या कडेवरची बोटं पांढरी पडली होती. मग पेटी वाजवणाऱ्या बाईंनी पुढचे शब्द मोठ्यानं म्हटले आणि सगळ्यांनी ओढून नेली ती प्रार्थना.

उपासना संपल्यावर दारात एकेकीनं माझे हात धरले. एक डोळे पुसत म्हणाली, "साहेब किती भरून आले हो आज!" दुसरी म्हणाली, "आत्म्याचं काम!" मी आमच्या रीतीप्रमाणे सलाम सलाम करत सगळ्यांना निरोप देत होते. ते भरून आले नव्हते, रिकामे झाले होते, आणि त्या अख्ख्या गर्दीत हे फक्त मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी, मी मराठी शिकवत असे त्या शाळेत रजा टाकली आणि यांना शहरात माझ्या माहेरच्या ओळखीतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर पेठेतले, सत्तरीचे, बोलणं मोजून मापून आणि प्रत्येक शब्दाला धार. नाडी पाहिली, छाती तपासली, झोप विचारली, भूक विचारली. हे प्रत्येक प्रश्नाला "ठीक आहे" म्हणत होते.

"ठीक आहे तर इथं कशाला आलात? माझी तब्येत बघायला?" डॉक्टर म्हणाले. मग वातावरण सैल करावं म्हणून, माझ्याकडे तिरका डोळा टाकत त्यांनी विचारलं, "बरं, मंडळी काय म्हणते?"

आमचे हे पहिल्यांदाच सावरून बसले. "मंडळी वाढतेय, डॉक्टर. दोन उपासना घ्याव्या लागतात आता. नाताळाच्या आधी नव्या मंदिराचं समर्पण करायचंय."

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं. आम्ही चर्चच्या लोकसमुदायाला मंडळी म्हणतो, आणि शहरातली जुनी माणसं बायकोला. डॉक्टरांनी बायकोबद्दल विचारलं होतं. बायको हातभर अंतरावर बसली होती, मांडीवर पर्स घेऊन. एरवी हा विनोद मी वर्षभर पुरवून पुरवून सांगितला असता. पण यांना अजूनही कळलं नव्हतं. ते पुढे बोलतच होते, वाळू, सिमेंट, संडे स्कूलचे वर्ग. डॉक्टर माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायचा प्रयत्न करत होते. ती मला दिसत नव्हती, कारण डोळे भरले होते.

"अहो," डॉक्टर हळू म्हणाले, "मी ह्यांच्याबद्दल विचारतोय."

हे माझ्याकडे वळले. पाहिलं. आणि खाली मान घातली. बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं शरमलेलं पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते स्पष्ट होतं. हृदय ठीक आहे, रक्तदाब जरा वर आहे, पण माणूस संपत आलाय. तीन महिने पूर्ण विश्रांती. उपदेश नाही, भेटी नाहीत, समर्पण-बिमर्पण नाही. "आता स्वतःहून थांबले तर परत उभे राहतील. नाही थांबले तर कुठंतरी आपोआप थांबतील, आणि तेव्हा माझ्याकडे आणून उपयोग नाही." दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आमच्यात म्हणतात, आधी पोटोबा, मग विठोबा. तुमच्या देवालाही चालत असेल, विचारून बघा."

घरी आल्यावर चहा टाकायला गेले आणि दारामागच्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. लोकांना, पंचांना, सगळ्यांना मी बसमध्ये मनातल्या मनात झोडपून काढलं होतं. पण तिथं एकाही पंचाचं अक्षर नव्हतं. तीसच्या तीस चौकोनांत माझंच अक्षर होतं, निळं, टपोरं, मराठीच्या बाईचं. नवऱ्याला विकून खाल्लं म्हणतात ना, तसं मी त्यांना वाटून टाकलं होतं, तेही कौतुकाच्या बदल्यात. चहा उतू गेला तरी मी तिथंच होते.

शनिवारी दुपारी पंचांची सभा आमच्याच बैठकीच्या खोलीत भरली. सचिव म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. माणूस सरळ, हाडाचा प्रामाणिक, पण तोंड असं की दुधात पडलं तर दही व्हावं. यांनी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, तेही असं, जणू शेजाऱ्याच्या आजाराबद्दल बोलताहेत.

काका म्हणाले, "डॉक्टरांना सांगायला काय जातं? त्यांच्या दवाखान्याला रविवारी कुलूप असतं. मोशेनं अख्ख्या लोकांना घेऊन चाळीस वर्षं काढली रानात, रजेचा अर्ज दिल्याचं कुठं वाचनात आलं नाही."

दोघंतिघं हसले. एक तरुण पंच म्हणाले, "तसं नाही काका, साहेबांना त्रास होतोय हे खरंय. आपण मधला मार्ग काढू. साहेबांनी फक्त रविवारचा उपदेश करावा."

"आणि समर्पणाची तयारी," दुसरे म्हणाले.

"ती तर त्यांच्याशिवाय होणारच नाही," तरुण पंच म्हणाले. "आणि फार अडलेल्या घरी भेट. बाकी पूर्ण आराम."

मी स्वयंपाकघरात कप भरत होते. एवढं सगळं करून उरलेल्या वेळात आराम. आणि मग मला यांचा आवाज ऐकू आला. थकलेला, मऊ, ओळखीचा. "हो, तेवढं जमेल मला. समर्पण होऊन जाऊ दे, मग बघू."

मी कप धाडधाड ट्रेमध्ये ठेवले. चहा बशांत सांडला. मी तशीच बाहेर गेले, ट्रे टीपॉयवर आदळला आणि म्हणाले, "मंडळी नाही म्हणते."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "वहिनी, मंडळीची सभा अजून बोलावलीच नाही. ही पंचांची आहे."

"ती मंडळी नाही. ही मंडळी." मी छातीवर हात ठेवला. "ही मंडळी नाही म्हणते. रविवारचा उपदेश नाही, समर्पण नाही, अडलेलं घर नाही. उद्यापासून नाही. तुम्हाला ठराव करायचा तर करा."

कुणी कप उचलेना. मला वाटलं, आता हे मला आत जायला सांगतील. त्यांनी तसं केलं असतं तर मी काय केलं असतं, मला आजही माहीत नाही. कदाचित बॅग भरली असती. कदाचित आत जाऊन पोळ्या लाटल्या असत्या.

हे उठून माझ्याशेजारी उभे राहिले. पंचांकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मला प्रार्थना येत नाही. चार महिने झाले. शब्द येतात, तुम्ही ऐकता, आमेन म्हणता. आत काही नसतं. गेल्या रविवारी शब्दही आले नाहीत. तुमच्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवतो तेव्हा मला आतून काही वाटत नाही हो."

पाळकानं असं बोलायचं नसतं. मला त्या क्षणी त्यांचं तोंड झाकावंसं वाटलं. एक पंच तर सरळ बाहेर निघून गेले, चप्पल शोधायलाही थांबले नाहीत, पुढे ते दुसऱ्याच मंडळीत गेलेले दिसले, नव्या चपलांसकट. महिन्याभरात आणखी दोन घरं गेली. "पाळकाला बायको चालवते," हे वाक्य माझ्या कानावर तीन वेगवेगळ्या बायकांनी, माझ्याच भल्यासाठी म्हणून, घातलं.

पण त्या दुपारी काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. "उद्याच्या उपासना आम्ही पंच बघू. नंतर कुणाकडे आहे?" त्यांनी मला विचारलं.

"मांजरीला. दुपारी. घराची प्रार्थना."

"वेळ सांगा. मी करतो." मग तोंड वाकडं करून म्हणाले, "कंपाउंडर येतोय म्हणून कळवून ठेवा त्यांना."

ती समजूत त्यांनाही ठाऊक होती तर. इतकी वर्षं ती त्यांना लागतही असेल, असं मला त्याआधी कधी सुचलं नव्हतं.

मांजरीच्या घरच्यांनी आम्हा दोघांना नुसतं जेवायला या म्हणून फार आग्रह केला होता, म्हणून गेलो. नव्या रंगाचा वास येणाऱ्या खोलीत सतरंजीवर तीसेक माणसं. हे मागच्या भिंतीला टेकून बसले, मांडी घालून, पाहुण्यासारखे. काकांनी प्रार्थना केली. हातातल्या कागदावरून, सरकारी पत्र वाचावं तशी वाचली, दोनदा अडखळले. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. भाकरीची ओळ आली तेव्हा मी डोळे उघडून यांच्याकडे पाहिलं. ते म्हणत होते. हळू, लहान पोरं म्हणतात तसं, दुसऱ्यांच्या मागोमाग.

आमेन झालं. घरधन्याची म्हातारी आई सरकत सरकत यांच्यापाशी आली आणि त्यांचा हात धरला. "सायेब, आता तुमी करा की. ह्यांचं झालं ते झालं, पर तुमचं म्हंजी कसं, पक्कं हाय."

काका कागदाची घडी घालत होते, त्यांचा हात थांबला. सगळी खोली वळून यांच्याकडे बघायला लागली. मला तो चेहरा माहीत होता. आता हे "हो आजी" म्हणणार, उठून उभे राहणार. मी काही बोलायचं नाही असं घरून ठरवून आले होते, आणि ओठ दातांखाली धरून बसले.

"आजी," हे म्हणाले, "काकांनी केली ती पक्कीच आहे. मला भूक लागलीय."

म्हातारी म्हणाली, "आगं बया, मंग आदी न्हाई का सांगायचं!" आणि सुनेला हाका मारत उठली.

मी पदर खोचला आणि सुनेच्या हातातून परात घेतली. यांच्या ताटात दोन भाकरी वाढल्या, ताटासमोर फतकल मारून बसले, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत एकालाही जवळ येऊ दिलं नाही.