पाच नंबरचा प्रोसेसर

परवाच्या गुरुवारी शिरूरला कॉम्प्युटरच्या दुकानात मी माझ्या नातीला चारचौघांत गप्प केलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही... म्हणून लिहितेय. शाळा तिसरीपर्यंतच झालीय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सानिका माझी नात, कॉलेजला आहे. कॉम्प्युटरवर गेम खेळते. चार पोरींची टीम आहे त्यांची, शनिवारी स्पर्धा होती. जुन्या कॉम्प्युटरवर तो गेम अडकत अडकत चालायचा, म्हणून नवा प्रोसेसर घ्यायचा होता. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं तिनंच मला सांगितलेलं.

दोन महिने ती त्याचा अभ्यास करत होती. वहीत लिहून काढलं होतं, कुठला घ्यायचा, का घ्यायचा. लहान पोरांच्या शिकवण्या घेऊन पैसे तिनंच साठवलेले. मी फक्त सोबतीला गेले होते... सोबतीला गेलेल्या माणसानं सोबतीसारखं राहावं ना.

दुकानदार निघाला खुटबावचा. माझं माहेर खुटबाव. "आत्या, बसा," म्हणाला, चहा मागवला. झालं... मी खुर्चीत फुगून बसले.

सानिकानं वही उघडली. "पाच नंबरचा द्या, सहा कोअरवाला."

मी विचारलं, "वरचा कुठला असतो?"

"सात असतो, नऊ असतो आत्या."

आमच्या शेजारच्या पोरानं नऊ नंबरचा घेतलेला मला ठाऊक होता. त्याची आई सगळ्या आळीला सांगून आली होती. आता माहेरच्या माणसापुढं पाचाचा माल कसा घेऊ? खुटबावात जाऊन सांगेल, आत्याच्या घरी बेताचंच हाय म्हणून... म्हटलं, "नऊचाच दे. वरचे पैसे मी घालते."

तो म्हणाला, "मदरबोर्ड कुठला हाय तुमचा?"

सानिकानं तोंड उघडलं. "आजी, तो आपल्या बोर्डला..."

"तू गप गं. म्हशीच्या बाजारात वासराला इचारत न्हाईत."

कंपनीत कामाला असणारी दोन पोरं गिऱ्हाईक म्हणून उभी होती तिथं, ती हसली. दुकानदारही हसला आणि डबा बांधला. सानिकानं वही मिटून पिशवीत घातली. घरी येईपर्यंत एसटीत डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, पोरगी खूश आहे.

घरी तिनं जुना प्रोसेसर काढून नव्याच्या शेजारी ठेवला. जुन्याच्या बुडाला बारीक टाचण्यांसारख्या पिना, बोर्डावर त्यांची भोकं. नव्याचं बूड सपाट... एक पिन नाही.

"बसत नाही," म्हणाली.

"जरा दाबून बघ की."

"आजी, मिक्सरचं भांडं नाही ते."

दुकानदाराला फोन लावला तर तो लग्नाला गेलेला, दुकान सोमवारी उघडणार. तिनं जुनाच परत बसवला. टीमनं तिच्या जागी पाबळ गावची एक पोरगी घेतली. त्यांचं तरी काय चुकलं...

शनिवारी सानिका माझ्याशेजारी बसून मेथी निवडत होती. फोन कांद्याच्या टोपलीला टेकवून ठेवलेला, त्यात तिचीच टीम खेळत होती. मला वाटलं रडेल, भांडेल. रडली असती तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती एवढंच म्हणाली, "पाबळची चांगली खेळतीय."

साठ वर्षं तोंड चालवलं मी. त्या दिवशी हात चालवले, मेथीची दुसरी जुडी पुढं ओढली.

सोमवारी परत गेलो. दुकानात गर्दी होती. दुकानदार म्हणाला, "आत्या, मी इचारत होतो ना बोर्डाचं?"

"व्हय. तू इचारलंस, ही सांगत होती. मीच बोलू दिलं न्हाई. आता हिला इचार, मी भाईर बसते."

बाहेर पायरीवर बसले. आतून तिचा आवाज येत होता. बोर्ड, पंखा, मेमरी... मला त्यातलं काही कळलं नाही. तो मात्र "बरं ताई, असं करू," म्हणत होता. थोड्या वेळानं वळून बघितलं तर तिला स्टूल दिलेलं, आणि दुसरं एक गिऱ्हाईकही तिलाच काहीतरी विचारत होतं. नऊचा परत घेतला दुकानदारानं, भला माणूस.

पाच नंबरचा बसला. गेम पाण्यासारखा चालतोय. पण शनिवार काही परत येत नाही.

खुटबावच्या माणसापुढं पाचाचा माल घ्यायची लाज वाटली मला. नातीला वासरू म्हणताना वाटली नाही... ती आता वाटतेय.

घरात बोलून भागलं असतं. पण चारचौघांत बोलले होते, म्हणून इथं मोबाईलवर चारचौघांत लिहिलं. सानिका, चुकलं माझं. वाचलंस तर खाली लाल बदामाचं चित्र टाकत बसू नकोस. मेथी आणलीय, निवडायला ये.