नावं ठेवलेला चार्जर

टॅक्सी स्टँडवर सगळे त्याला चार्जिंगमास्तर म्हणत. कुठल्या कंपनीच्या चार्जरवर गाडी लावावी, हे त्याला विचारल्याशिवाय कुणी केबलला हात लावत नसे.

"निळी कंपनी झटपट चार्ज करते, पण रांग मारुतीच्या शेपटासारखी. हिरवी स्वस्त आहे, पण तिचं ॲप पैसे आधी कापतं आणि चार्जिंग मनात आलं तर सुरू करतं. आणि लॉन्ड्रीमागची पिवळी? तिचं तर नावच काढू नका! केबल आखूड, स्क्रीन आंधळी, नुसता डोक्याला ताप."

एवढं सांगून मास्तर गुपचूप लॉन्ड्रीमागे जाई. तिथला चार्जर झकास होता आणि कायम रिकामा असे. गाडी लावायची, सीट मागे पाडायची आणि मस्त घोरायचं.

एके दुपारी तिथे सासऱ्यांची गाडी लागलेली दिसली. आदल्याच दिवशी त्याने त्यांनाही पिवळीपासून चार हात लांब राहायला बजावलं होतं.

"मामा, तुम्ही इथे?"

सासऱ्यांनी काच खाली केली. "जावईबापू, आमच्या पोरीलाही तुम्ही दोस्तांपुढे अशीच नावं ठेवायचात. तेव्हाच ओळखलं होतं, मागणी घालायला पहिले तुम्हीच येणार."

आणि त्यांनी सीट मागे पाडली.